सरकारी नोटीस पेपरात देताना: टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी

नव्या टेबलावर बसलात की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच एक मसुदा समोर येतो. वर टाचणीने लावलेली चिठ्ठी आणि त्यावर साहेबांच्या अक्षरात तीन शब्द: "पेपरला देऊन टाका." भूसंपादन असो, नगररचना असो, नाही तर नगरपंचायत, चिठ्ठी तीच. नाशिक जिल्ह्यात महसूल आणि भूसंपादन अशा दोन्ही टेबलांवर मी नोकरीची बरीच वर्षं काढली आणि त्या "देऊन टाका"चा मला कायम त्रास झाला. त्या मसुद्यात कुणाची तरी द्राक्षबाग असते, कुणाच्या विहिरीचा कोपरा असतो, कुणाच्या घरासमोरचा रस्ता असतो. त्या माणसाला सरकारकडून कळण्याची तेवढी एकच वाट असू शकते. म्हणून हे काम कसं करायचं ते पहिल्यापासून सांगते. महसूल सहाय्यक म्हणून नुकत्याच रुजू झालेल्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, पण नोटिशीचं कात्रण घेऊन कचेरीत येणाऱ्या शेतकऱ्यालाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

आधी कलम उघडा

प्रत्येक नोटीस कुठल्या ना कुठल्या कलमाखाली निघते. किती पेपरांत द्यायची, कुठल्या भाषेत, मुदत किती दिवसांची आणि पेपराशिवाय आणखी कुठे लावायची, हे सगळं त्या कलमातच लिहिलेलं असतं. आपल्याकडे जुनी खोड अशी की मागच्या फाइलमधली नोटीस काढायची, गावाचं नाव बदलायचं आणि पुढे ढकलायची. मागच्या फाइलमध्ये चूक असेल तर तीच चूक वर्षानुवर्षं गावोगाव फिरत राहते. कायद्याचं पुस्तक टेबलाच्या खणात ठेवा आणि दर वेळी कलम पुन्हा वाचा. पाठ झालं असलं तरी वाचा.

सगळ्यांत जास्त काम पडतं ते २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं. त्याच्या कलम ११ खालची प्राथमिक अधिसूचना राजपत्रात यावी लागते. शिवाय त्या भागात खप असलेल्या दोन दैनिकांत यावी लागते आणि त्यातलं एक प्रादेशिक भाषेतलं, म्हणजे आपल्याकडे मराठी, असावं लागतं. ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, जिल्हाधिकारी, प्रांत आणि तहसील कचेरीत ती स्थानिक भाषेत लावायची, संकेतस्थळावर टाकायची आणि बाधित क्षेत्रातही प्रसिद्ध करायची. ग्रामसभेची खास बैठक बोलावून तिथे माहिती द्यायची हेही त्याच कलमात आहे आणि नेमकं तेच विसरलं जातं. हरकतींसाठी कलम १५ प्रमाणे ६० दिवस. "दैनिक" या शब्दाखाली लाल रेघ मारून ठेवा. कायदा दैनिक म्हणत असेल तिथे साप्ताहिक चालत नाही, मग ते गावात कितीही वाचलं जात असो.

राष्ट्रीय महामार्ग असेल तर कायदा वेगळा, १९५६ चा. त्यात कलम ३-ए ची अधिसूचना राजपत्रात निघते आणि तिचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत द्यायचा असतो, एक स्थानिक भाषेतलं. इथे मुदत फक्त २१ दिवसांची आहे आणि कलम ३-सी चे शब्द नीट पाहा: हे २१ दिवस राजपत्रातली अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून मोजायचे आहेत. पेपरात छापून आल्यापासून नव्हे. समजा राजपत्र ३ जूनला निघालं आणि आपण पेपरात नोटीस १५ जूनला आणली. मुदत संपते २४ जूनला. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात नऊ दिवस उरले. त्यात त्याने सातबारा काढायचा, भावांना विचारायचं, वकील गाठायचा आणि अर्ज लिहायचा. ते बारा दिवस गेले कुठे? आपल्या टेबलावर, सहीसाठी, पुढच्या टेबलावर. सुरत-चेन्नई महामार्गाची आखणी सुरगाणा, पेठ, दिंडोरी, निफाड, सिन्नर अशी जिल्ह्याच्या आरपार गेली तेव्हा या दिवसांची किंमत गावोगाव कळली. महामार्गाचं राजपत्र निघालं की त्याच दिवशी पेपराचा मजकूर तयार हवा, ही सवय लावून घ्या.

बाकीची कलमं थोडक्यात सांगते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली विकास आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असेल तर राजपत्रात सूचना देऊन हरकतींना एक महिना. पर्यावरण परवानगीची जनसुनावणी २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे होते. तिची सूचना एका राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात द्यायची आणि लोकांना किमान ३० दिवस मिळाले पाहिजेत. शहरातली झाडं तोडायची असतील तर १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागतो. त्यात स्थानिक पेपरातली सूचना आणि खुद्द झाडावर चिकटवलेली नोटीस, दोन्ही हवं. २०२५ च्या अखेरीस सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातल्या झाडांवर अशी नोटीस लागली आणि शेकडो नाशिककरांनी हरकती दिल्या. झाडावर लावलेला कागद लोक थांबून वाचतात, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

मजकूर: वाचणाऱ्याला आपली जमीन ओळखू आली पाहिजे

"तमाम लोकांस या नोटिशीद्वारे कळविण्यात येते की" इथून सुरुवात करायला हरकत नाही. ही भाषा लोकांच्या कानावरची आहे आणि तिच्यामुळे हा कागद सरकारी आहे हे लगेच कळतं. अडचण त्यापुढच्या वाक्यात असते. एकच वाक्य सतरा ओळी चालतं आणि गट नंबर कुठेतरी मध्ये अडकतो. माणूस पेपर उघडतो तेव्हा आधी गाव शोधतो, मग तालुका, मग गट नंबर. त्याच क्रमाने त्याला ते दिसलं पाहिजे. मी हा ढाचा वापरायचे:

"जाहीर नोटीस. (कचेरीचं पूर्ण नाव, पत्ता). मौजे —, तालुका —, जिल्हा नाशिक. गट क्रमांक —, क्षेत्र — हेक्टर — आर. वरील जमीन (कशासाठी) संपादित करण्याचे प्रस्तावित आहे. (कायदा, वर्ष, कलम). ज्या कोणाची यास हरकत असेल त्यांनी ती लेखी स्वरूपात, आपल्या हितसंबंधाच्या कागदपत्रांसह, दिनांक — पर्यंत, कार्यालयीन वेळेत, (कोणता मजला, कोणती शाखा) येथे द्यावी व पोच घ्यावी. जा.क्र. —, दिनांक —. (पदनाम)."

यातल्या काही जागा दरवेळी घोटाळा करतात.

गावाचं नाव. नाशिक जिल्ह्यात नुसतं "पिंपळगाव" लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. निफाडात पिंपळगाव बसवंत आहे, नाशिक तालुक्यात पिंपळगाव बहुला आणि पिंपळगाव खांब आहेत. पंधरा तालुक्यांच्या जिल्ह्यात एका नावाची गावं निघणारच. गावाचं पूर्ण नाव आणि तालुका दोन्ही लिहा. महापालिका हद्दीत गेलेल्या गावांचंही तसंच: लोक "मखमलाबाद रोड" म्हणतात, पण अभिलेखात ते मौजे मखमलाबाद आहे आणि सर्वे नंबर, गट नंबर की सिटी सर्वे नंबर हे वेगळं तपासावं लागतं. जुन्या माणसांना सर्वे नंबर आठवतो, गट नंबर नाही. जागा असेल तर दोन्ही द्या.

क्षेत्र. शून्य हेक्टर चाळीस आर आणि चार हेक्टर यांत कागदावर एका टिंबाचं अंतर असतं. शेतकऱ्याच्या घरात तेवढ्याने रडारड होते. हेक्टर आणि आर वेगवेगळ्या रकान्यात छापून घ्या.

शेवटची तारीख. "प्रसिद्धीपासून ६० दिवसांच्या आत" असं लिहून वाचणाऱ्याला बोटं मोजायला लावू नका. तारीख लिहा. ती कशी काढायची ते पुढे येतंय.

उद्देश. "सार्वजनिक प्रयोजनासाठी" एवढं पुरत नाही. कलम ११ च्या अधिसूचनेत सार्वजनिक प्रयोजनाचं स्वरूप, विस्थापन होणार असेल तर त्याची कारणं, सामाजिक परिणाम अहवालाचा सारांश आणि पुनर्वसनासाठी नेमलेल्या प्रशासकाचा तपशील असावा लागतो. बाह्यवळण रस्ता, कालव्याची चारी, पाझर तलाव, जे असेल ते साध्या शब्दांत लिहा. आणि हा मजकूर मराठीतच तयार करा. इंग्रजी मसुदा वरून येतो आणि त्याचं मराठी रात्री घाईत होतं, मग "अवॉर्ड"चं "पुरस्कार" होतं. हे मी स्वतः छापून आलेलं पाहिलं आहे. भूसंपादनात तो निवाडा असतो. गावात एका म्हाताऱ्याने मला खरोखर विचारलं होतं की जमीन घेऊन वर बक्षीस कसलं देताय.

कोणता पेपर, आणि कोणती आवृत्ती

पेपर आपण मनाने निवडायचा नसतो. राज्य सरकारच्या कचेऱ्यांच्या जाहिराती माहिती व जनसंपर्क महासंचालनालयामार्फत जातात आणि जिल्ह्यात ते काम जिल्हा माहिती कार्यालय पाहतं. वृत्तपत्र शासनमान्य जाहिरात यादीवर असावं लागतं. यादीत खपाप्रमाणे वर्ग केलेले असतात, दर सरकारने ठरवलेले असतात आणि कोणाला कधी जाहिरात जायची ते आळीपाळीने ठरतं. याला सगळे रोस्टर म्हणतात. हे नियम शासकीय संदेश प्रसार नियमावली, २०१८ मध्ये एकत्र केलेले आहेत. नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषद यांच्याकडे आपापली पद्धत असते. नाशिक महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, नव्याने लागला असाल तर आधी तिथल्या जनसंपर्क विभागात जाऊन विचारा, अंदाजाने पत्र काढू नका.

वृत्तपत्राची नोंदणीही पाहायची असते. १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी प्रेस आणि नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३ आला आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला. यादीवरचा पेपर नोंदणीकृत असतोच, पण तो प्रत्यक्षात रोज निघतो का, हे बघण्यासाठी आठवडाभर स्टॉलवर नजर ठेवा.

आता आवृत्ती. माझ्या नोकरीतली सगळ्यांत मोठी चूक इथेच झाली, म्हणून इथे थोडं थांबते.

कळवणकडच्या एका गावातली जमीन होती. मजकूर बरोबर, दोन्ही दैनिकं यादीवरची, मराठी, पैसे भरलेले. नोटीस छापून आली, मी कात्रण फाइलला लावलं आणि निर्धास्त झाले. मुदत संपल्यावर काही दिवसांनी एक आप्पा आले. डोक्याला टोपी, हातात पिशवी, पिशवीत महिन्याभराचे पेपर तारखेप्रमाणे लावलेले. ते पेपर त्यांनी माझ्या टेबलावर एकावर एक ठेवले आणि म्हणाले, "ताई, मी रोज वाचतो. यात नव्हती." मी कात्रण काढून दाखवलं. त्यांनी त्याच तारखेचा आपला पेपर उघडला. तेच नाव, तीच तारीख, पण पान वेगळं. आमची नोटीस शहर आवृत्तीत आली होती. त्यांच्या गावात ग्रामीण आवृत्ती जाते. पत्रात मी पेपराचं नाव लिहिलं होतं, आवृत्ती लिहिली नव्हती.

आप्पा भांडले नाहीत. "मग आता?" एवढंच विचारलं. पुन्हा प्रसिद्धी करावी लागली, नवी मुदत द्यावी लागली, वरून बोलणी खाल्ली ती वेगळीच. ते बरोबरच होतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक पत्रात "ज्या आवृत्तीचे वितरण मौजे अमुक, तालुका तमुक येथे होते त्या आवृत्तीत" हे वाक्य घालत गेले. तुम्हीही घाला. कायदा "त्या भागात खप असलेलं" म्हणतो, त्याचा अर्थ हाच आहे. तलाठ्याला (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गावात अजून तलाठीच म्हणतात) फोन करा आणि विचारा: भाऊसाहेब, गावात पारावर, सलूनमध्ये, सोसायटीत कुठला पेपर येतो आणि कुठून येतो? दोन मिनिटांचं काम आहे. मालेगावसारख्या ठिकाणी मराठीबरोबर उर्दूतही सूचना दिली तर वाचणारे वाढतात. कायदा तेवढं मागत नसला तरी साहेबांना सुचवायला काय जातं? सुरगाण्या-पेठेच्या पाड्यांवर तर पेपर पोचतच नाही. तिथली खरी प्रसिद्धी पेपराबाहेरच करावी लागते.

प्रूफ

जाहिरात पाठवताना मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि सोबत पीडीएफ द्या. जुन्या फॉन्टातला मजकूर बदलून घेताना "ऱ्या" फुटतो, तिरकी रेघ गायब होते आणि ११२/२ चं ११२२ होतं. पेपरच्या जाहिरात विभागात रात्री बसणाऱ्या ऑपरेटरला मौजे वाडीवऱ्हे की वाडीवरे हे कळण्याचं कारण नाही. त्याला दोष देऊन उपयोग नाही, प्रूफ आपण मागून घ्यायचं.

प्रूफ एकट्याने वाचू नका. शेजारच्या टेबलावरच्या कुणाला तरी बसवा. एकाच्या हातात सातबारा, दुसऱ्याच्या हातात प्रूफ. सातबारा ज्याच्या हातात तो मोठ्याने वाचतो: "गट एकशे बारा, भागिले दोन, शून्य हेक्टर, चाळीस आर." दुसरा प्रत्येक आकड्यावर पेन्सिलीची टिचकी मारतो. मग अदलाबदल करून एकदा उलट्या बाजूने, खालच्या गटापासून वर. उलटं वाचलं की डोळा अंदाजाने पुढे पळत नाही. चाळीस गटांची यादी असली तरी अर्ध्या तासात होतं. शेवटी तारीख, पदनाम आणि कचेरीचा पत्ता तपासा. कचेरी दुसऱ्या इमारतीत गेलेली असते आणि नोटिशीवर पत्ता जुनाच राहतो.

पैसे वाचवायला अक्षर बारीक करायचा आग्रह वरून येतो. सरकारी जाहिरातीचं बिल जागेच्या मापावर होतं, त्यामुळे मोह समजण्यासारखा आहे. पण साठीच्या शेतकऱ्याला चष्मा लावूनही वाचता येत नसेल तर वाचवलेले पैसे काय कामाचे? मी त्या जागी मजकूर कापायचे. "उपरोक्त विषयास अनुसरून", "संदर्भांकित पत्रान्वये" अशा शब्दांना नोटिशीत काही काम नसतं.

पाठवण्याआधी कॅलेंडर पाहा. काही सणांच्या दुसऱ्या दिवशी पेपर निघतच नाहीत. दिवाळीत हे हमखास आडवं येतं.

छापून आल्या दिवशी

सकाळी स्वतः पेपर विकत घ्या. नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या (सीबीएस) स्टॉलवर शहर आवृत्ती मिळेल, गावाकडची आवृत्ती तलाठ्याला किंवा ग्रामपंचायतीला ठेवायला सांगा. फाइलला पूर्ण पान लावा, नुसतं कात्रण नको. पानावर पेपराचं नाव, आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांक दिसतो. पाच वर्षांनी कोर्टात फाइल जाईल तेव्हा कात्रणावरून यातलं काहीच सिद्ध होत नाही. ई-पेपरची प्रिंट जोडा, पण छापील पानाच्या जोडीला. सरकारी जाहिरातीच्या कोपऱ्यात माहिती महासंचालनालयाचा क्रमांक असतो, तो टिपणीत उतरवून ठेवा. पेपरकडून बिल येईल त्याच्यासोबतही पान मागा आणि आपल्या फाइलमधल्या पानाशी जुळवूनच बिल पुढे पाठवा. भूसंपादनात हा खर्च संपादन करणारी संस्था देते. त्यांच्याकडून रक्कम आधीच मागून ठेवली नसेल तर पुढच्या वेळी जाहिरात अडते.

पेपर ही एकच वाट नाही

जितके मार्ग कलमात लिहिले आहेत तितके सगळे पूर्ण करावे लागतात. दोन पेपरांत आली म्हणजे चावडीवर लावायची गरज नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीर गृहनिर्माण मंडळाच्या प्रकरणात प्रादेशिक भाषेतल्या वृत्तपत्रात अधिसूचना आली नाही म्हणून संपादन टिकू दिलं नाही. २०१२ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात परिसरात प्रत्यक्ष नोटीस प्रसिद्ध न केल्याने तसंच झालं. दोन्ही वेळी जुना, १८९४ च्या धाटणीचा कायदा होता, पण तत्त्व आजही तेच: कायद्याने एखादी गोष्ट ज्या पद्धतीने करायला सांगितली आहे, ती त्याच पद्धतीने झाली पाहिजे.

गावात नोटीस लावताना पंचनामा करा. कुठे लावली, किती वाजता, कोणासमोर. दोन गावकऱ्यांच्या सह्या आणि भिंतीसकट नोटिशीचा फोटो. भिंतीसकट म्हणजे "ग्रामपंचायत कार्यालय" ही पाटी दिसली पाहिजे. नोटीस इतक्या उंचीवर लावा की उभ्या माणसाला वाचता येईल आणि शेळी खाणार नाही. हसू नका, पाड्यावर हे होतं. दवंडी द्यायची असेल तर बाजाराच्या दिवशी संध्याकाळी द्या. सकाळी सगळे शेतात असतात. दवंडी देणाऱ्याला छापील नोटीस देऊ नका, दोन वाक्यं सोपी करून सांगा: कुठले गट, कशासाठी, कोणत्या तारखेपर्यंत, कुठे जायचं. त्याचाही पंचनामा.

राजपत्रासाठी नाशिक विभागीय पुरवणीचा अंक आणि पान क्रमांक नोंदवा. संकेतस्थळावर टाकल्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढा.

दिवस मोजणं

पहिला दिवस धरायचा नाही. शेवटचा दिवस सुटीचा आला तर त्यानंतरचा पहिला कामाचा दिवस. दोन्ही गोष्टी सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमातल्या आहेत. एक उदाहरण करून पाहा. नोटीस ३ जून २०२६, बुधवारी प्रसिद्ध झाली आणि मुदत ६० दिवसांची आहे. ४ जूनपासून मोजा: जूनचे २७, जुलैचे ३१, झाले ५८, आणखी दोन म्हणजे २ ऑगस्ट. कॅलेंडर पाहिलं तर तो रविवार. म्हणून नोटिशीत ३ ऑगस्ट, सोमवार असं लिहायचं. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा आहे, तेव्हा शनिवारही बघा.

आता दोन पेपर दोन वेगळ्या दिवशी आले, चावडीवर तिसऱ्या दिवशी लागली, राजपत्र चौथ्या दिवशी आलं, तर कुठली तारीख? आधी कलम काय म्हणतं ते पाहा. महामार्गाचं वेगळं आहे ते वर आलंच. १८९४ च्या कायद्यात पुढे अशी दुरुस्ती झाली होती की सगळ्यांत शेवटची प्रसिद्धी ज्या दिवशी झाली तीच प्रसिद्धीची तारीख. मला ती शिस्त अजूनही आवडते. फाइलच्या आतल्या पानावर एक तक्ता करा: मार्ग, तारीख, पुरावा कुठल्या पानावर. लोकांची मुदत ठरवताना आपल्या सोयीची तारीख निवडू नका. आणि हेही ध्यानात ठेवा की कलम ११ ची अधिसूचना निघाल्यापासून त्या जमिनीचे व्यवहार थांबतात, बाजारभावही त्या दिवसाचा धरला जातो. मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकायला निघालेला माणूस या तारखेवर अडकतो. म्हणून तारीख विचारायला कुणी आलं तर "नंतर या" म्हणू नका.

चूक निघाली तर

नोटीस छापून आल्यावर चूक दिसली की साहेबांना त्याच दिवशी सांगा. लपवलेली चूक हरकतीच्या सुनावणीत वर येतेच. शुद्धिपत्रक काढून भागेल की नोटीस पुन्हा द्यावी लागेल, याचा माझा ठोकताळा असा: गाव, गट, क्षेत्र, मुदत किंवा हरकत देण्याची जागा यांपैकी काही चुकलं असेल, म्हणजे वाचणाऱ्याला हे आपल्याबद्दल आहे हे कळणार नसेल किंवा कुठे जायचं ते समजणार नसेल, तर पूर्ण नोटीस नव्याने द्या आणि मुदतही नव्याने. अंतिम निर्णय साहेबांचा आणि सरकारी वकिलांचा, पण टिपणीत आपलं मत लिहायला घाबरू नका. काना-मात्रेची चूक असेल, पदनामातलं एखादं अक्षर चुकलं असेल, तर शुद्धिपत्रक पुरतं. तेही त्याच पेपरात, त्याच आवृत्तीत, मूळ नोटिशीची तारीख लिहून.

कात्रण घेऊन येणारी माणसं

पेपरात "जाहीर नोटीस" असा मथळा पाहून लोक आपल्या कचेरीत येतात आणि ती नोटीस आपली नसतेच. जमीन खरेदीआधी वकील सात, चौदा किंवा पंधरा दिवसांची सूचना देतात, ती खासगी असते. तिची हरकत त्या वकिलाकडेच द्यायची. बँकेच्या ताबा नोटिशीही वेगळ्या. फेरफाराची नोटीस पेपरात येत नाही. ती चावडीवर लागते आणि महाभूमीच्या संकेतस्थळावर "आपली चावडी"त दिसते. आलेल्या माणसाला हे फळ्यावर लिहून समजावलं तर त्याचा अख्खा दिवस वाचतो. एसटीचं भाडं खर्चून सटाण्याहून आलेला असतो तो.

आपल्या नोटिशीवरची हरकत मात्र कधीही परत पाठवू नका. अपुरी असली, पेन्सिलीने लिहिलेली असली, वहीच्या फाडलेल्या पानावर असली तरी आवक करा. शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि दुसऱ्या प्रतीवर पोच. दुसरी प्रत नसेल तर झेरॉक्स काढायला पाठवा, पण पोच दिल्याशिवाय जाऊ देऊ नका. ई-मेलने आलेल्या हरकतीची त्याच दिवशी प्रिंट काढून आवक करा. हरकतींची वेगळी नोंदवही ठेवा: नाव, गाव, गट, तारीख, हरकतीचा मुद्दा एका ओळीत, सुनावणीची तारीख. सुनावणीची नोटीस प्रत्येकाला स्वतंत्र जाते, त्यामुळे पत्त्यासोबत मोबाइल नंबर घ्या आणि घरी दुसरं कोण वाचू शकतं तेही विचारून लिहून ठेवा. शेवटच्या दिवशी कचेरी बंद होण्याआधी एकदा बाहेरच्या बाकावर बघून या. तिथे बहुतेक वेळा कुणीतरी बसलेलं असतं, अर्ज हातात धरून, कोणत्या टेबलावर द्यायचा हे न कळून.